बेन जॉन्सन कायम हिरोच्या बाजूलाच का राहिला? जुने वेस्टर्न बघणाऱ्यांनी सांगा

खानापूर_रोड

मंडळी, जुने वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतले काउबॉय आणि घोड्यांचे पिक्चर, बघणारं इथं कुणी आहे काय? मी आणि बाबा सध्या तेच बघालोय, रात्री जेवणं झाली की एक लावायचा. बाबांना इंग्रजी बेताचंच कळतं पण घोडा कळतो, आज्ज्याच्या काळात घरी घोडा होता, त्यामुळं कोण खरं बसलंय आणि कुणाला नुसतं बसवलंय ते त्यांना लगेच दिसतं. तर 'शी वोअर अ यलो रिबन' बघताना त्यांनी हिरो जॉन वेनकडं बघायचंच सोडलं आणि सारखं विचारायला लागले हा दुसरा कोण रे, हा दुसरा कोण. तो सार्जंट टायरी. एकटा पुढं टेहळणीला जातो, मागं घोडेस्वार लागतात आणि हा घळीवरून घोडा उडवून पलीकडं निघून जातो, ते आम्ही मागं नेऊन नेऊन बघितलं.

मग 'शेन' लावला तर त्यात पण हाच. गुत्त्यात शेनच्या अंगावर दारू ओततो, मार पण खातो. मग 'द वाइल्ड बंच' लावला तर त्यात पण, आता वय झालेलं. नाव शोधलं, बेन जॉन्सन. ऑस्कर पण मिळालंय म्हणे आणि रोडिओचा, म्हणजे काउबॉय लोकांच्या घोडा-दोराच्या स्पर्धांचा, विश्वविजेता पण आहे.

माझा प्रश्न एवढाच की असा माणूस, उंच, देखणा, घोड्यावर तर त्याच्या तोडीचा कुणी नाही, ह्याला हिरो का केलं नाही? का केलं आणि चाललं नाही? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा, बाबांना वाचून दाखवणार आहे.

टिळकवाडी_सिनेमा

अरे वा, किती दिवसांनी कुणीतरी बेन जॉन्सनबद्दल विचारलं! दादा, तुझ्या बाबांची नजर अगदी बरोबर आहे कारण हा माणूस सिनेमात आला तोच मुळी घोड्यांबरोबर.

जन्म १३ जून १९१८, ओक्लाहोमा राज्यात फोरेकर नावाचं लहानसं गाव. वडिलांचं नाव पण बेन जॉन्सनच, ते मोठ्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मळ्यावर, फोरमन आणि स्वतः दोर टाकण्याच्या स्पर्धेतले चॅम्पियन. पोरगा गुरांच्या मागं घोड्यावरच मोठा झाला. १९४० च्या सुमारास हॉवर्ड ह्यूजला 'द आउटलॉ' ह्या पिक्चरसाठी घोडे हवे होते, ते त्या रँचवरून घेतले आणि ते आधी अॅरिझोनात शूटिंगला आणि मग हॉलिवूडला पोचवायला हा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा बरोबर गेला. रँचवर दिवसाला एखादा डॉलर मिळायचा, हॉलिवूडचा पहिला चेक ३०० डॉलरचा आला असं तो पुढं मुलाखतींत सांगायचा. मग परत कोण जातंय!

त्यानंतर सात-आठ वर्षं त्यानं काय केलं तर घोडे सांभाळले आणि स्टंट केले. जॉन वेन, गॅरी कूपर, जेम्स स्टुअर्ट ह्यांच्या जागी घोड्यावर लांबून दिसतो तो बऱ्याच वेळा हाच. लग्न पण त्याच धंद्यातल्या घरात झालं, हॉलिवूडला घोडे पुरवणारा फॅट जोन्स म्हणून मोठा तबेलेवाला होता, त्याची मुलगी कॅरोल. १९४१ साली लग्न झालं ते ती १९९४ साली जाईपर्यंत टिकलं.

आणि नशीब कसं उघडलं ते ऐक. 'फोर्ट अपाचे'चं शूटिंग चालू होतं, १९४८ ला लागला तो पिक्चर, दिग्दर्शक जॉन फोर्ड, आणि हा त्यातल्या हेन्री फोंडा ह्या नटाचा डबल, म्हणजे स्टंटला त्याच्या जागी. एका शॉटमध्ये गाडीचे घोडे उधळले, गाडीत तीन माणसं. बेन जवळच घोड्यावर होता, त्यानं घोडा घातला आणि उधळलेली गाडी थांबवली. फोर्ड म्हणाला ह्याचं बक्षीस तुला मिळेल. ह्याला वाटलं अजून एखादं स्टंटचं काम देतील. तर हातात आला सात वर्षांचा करार, आठवड्याला ५,००० डॉलर. करार वाचायला घेतला, पाचव्या ओळीत आकडा दिसला, तिथंच पेन घेऊन सही केली, पुढचं वाचलंच नाही, असा किस्सा तो सांगायचा.

म्हणजे बघ, नट व्हायचं म्हणून हा कुठं शिकला नाही, कुणाच्या दारात उभा राहिला नाही. घोडा थांबवता येत होता म्हणून नट झाला.

चिकोडीचा_गाडीवान

लई भारी विषय काढलासा. मी पिक्चर कमी बघतो पण ह्या माणसाचे तुकडे मोबाईलवर बघितलेत आणि घोड्याचं मला कळतं, आमच्याकडं चिकोडी रायबाग भागात घोडागाडीच्या शर्यती असतात, एक घोडा एक बैल जुंपून पण पळवत्यात, लहानपणापासनं त्यातच हाय मी.

त्याचा हात बघा. लगाम सैल. बाकीचे नट घोडा पळाला की लगामाला लोंबकळत्यात, कोपरं पाखरागत हलत्यात, घोड्याचं तोंड वर होतं, आणि हा बसलाय तर कमरेच्या वर काहीच हालत नाही. घोडा बाजूला वळतो तेव्हा हात दिसत सुद्धा नाही, सगळं गुडघ्यानं आणि बसण्याच्या वजनानं चाललंय. आमचा चांगला गाडीवान पण असाच असतोय, कासरा ओढत बसणारा कधी पयला येत नाही, जनावराला तोंड मोकळं दिलं तरच ते जीव तोडून पळतंय.

आणि 'रिओ ग्रँड' बघा कुणीतरी. त्यात दोन घोड्यांवर दोन पाय ठेवून उभा राहून पळवतोय आणि आडव्या ठेवलेल्या ओंडक्यावरनं उडी पण घेतोय. ती कॅमेऱ्याची लबाडी नव्हे.

खानापूर_रोड

ताई, काय माहिती दिलीत! त्या पाचव्या ओळीवर बाबा जाम खूश झाले. गाडीवान भाऊ, तुम्ही म्हणता ते हाताचं आम्ही परत जाऊन बघितलं, खरंय. पण मग प्रश्न अजून मोठा झाला की. करार मिळाला, फोर्डसारखा दिग्दर्शक पाठीशी, मग अडलं कुठं?

कॅम्पातले_काका

बाळ, मी ह्यातले बरेचसे पिक्चर टॉकीजमध्ये बघितलेले. बेळगावात कॅम्पामध्ये लष्कराच्या सेंटरच्या जवानांमुळं नि अधिकाऱ्यांमुळं इंग्रजी पिक्चर यायचे, आम्ही पोरं पुढच्या बाकावर. त्यामुळं थोडं माझं पण ऐक.

पहिली गोष्ट, त्याला हिरो केलं नाही हे खरं नाही. करार झाल्या झाल्या १९४९ ला 'मायटी जो यंग' आला, त्यात तोच नायक. पण पिक्चर कुणाचा, तर गोरिलाचा! बारा फुटी गोरिला पडद्यावर असताना माणसाकडं कोण बघतंय, आणि त्या गोरिलाच्या करामतीलाच ऑस्कर मिळालं. मग १९५० ला फोर्डनं 'वॅगन मास्टर' केला, त्यात बेन जॉन्सन आणि हॅरी केरी ज्युनिअर दोघं घोड्यांचे व्यापारी, मॉर्मन ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या गाड्यांचा तांडा वाळवंटातून वाट दाखवत नेतात. युटामध्ये मोअॅबच्या बाजूला शूटिंग. एकही मोठा स्टार नाही, वॉर्ड बाँड आहे पण तो पण आपल्यासारखाच बाजूचा नट. फोर्डला स्वतःला हा पिक्चर फार आवडायचा आणि माझ्या मते बेन जॉन्सनचं सगळ्यात सुंदर काम ह्यातच आहे. पण गल्ल्यावर दोन्ही पिक्चर काही चमकले नाहीत. जॉन वेन नसला की लोक येईनात.

दुसरी गोष्ट म्हणजे भांडण. 'रिओ ग्रँड'च्या शूटिंगला सगळे एकत्र जेवत होते, बेन हॅरी केरीशी त्या दिवसाच्या शूटिंगबद्दल काहीतरी हळू बोलला, फोर्डला वाटलं माझ्या कामाला नावं ठेवली, आणि फोर्ड हा भर लोकांत माणसाचा पाणउतारा करण्यात नंबर एक. जॉन वेन सुद्धा त्याचं ऐकून घ्यायचा. बेननं ऐकून घेतलं नाही. उठला, फोर्डच्या जवळ जाऊन त्याला काय सुनवायचं ते सुनावलं आणि निघून गेला. १९५० पासून थेट १९६४ च्या 'शायान ऑटम'पर्यंत फोर्डनं त्याला पिक्चरमध्ये घेतलं नाही. ज्या वयात माणूस हिरो होतो ती सगळी वर्षं त्यातच गेली.

मला त्याचा ताठा आवडतो पण किंमत मोठी मोजली त्यानं, हे पण खरं.

टिळकवाडी_सिनेमा

काका, भांडणाचं बरोबर आहे पण सगळं भांडणावर ढकलायला माझं मन तयार नाही. 'शेन' १९५३ ला लागला, त्यातला त्याचा ख्रिस कॅलोवे म्हणजे नुसता गुंड नव्हे. आधी शेनला हिणवतो, मग त्याच्याकडून मार खातो, आणि शेवटी मालकाची बाजू सोडून शेनला सावध करायला येतो. मोजून चार-पाच प्रसंग आहेत पण त्यात माणूस बदलतो आणि तो बदल त्यानं कुठंही रडून ओरडून दाखवला नाही, फक्त नजर खाली जाते. असा रोल गाजल्यावर दुसऱ्या कुणी काय केलं असतं? मुंबई असो की हॉलिवूड, नट लगेच निर्मात्यांच्या दारात जाऊन बसला असता. ह्यानं काय केलं, सिनेमा बाजूला ठेवून वर्षभर रोडिओ खेळायला गेला! वडील चॅम्पियन होते, आपण पण व्हायचंच हे डोक्यात होतं. आणि झाला, १९५३ चा टीम रोपिंगचा विश्वविजेता. वर्षअखेर हातात विजेतेपद होतं आणि पैसा म्हणाल तर जवळपास काहीच नव्हता असं तो स्वतः सांगायचा. परत आला तेव्हा स्टंटची आणि लहान लहान कामं घ्यावी लागली.

म्हणून मी म्हणते हिरो होण्याची भूक त्याला नव्हतीच. त्याला गुरं, घोडे आणि दोर ह्यांच्यात राहायचं होतं आणि सिनेमा हा त्याच घोड्याचा चांगला पगार देणारा धंदा होता.

चिकोडीचा_गाडीवान

टीम रोपिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण नुसतं दोर टाकणं वाटंल कुणाला. पिंजऱ्यातनं खोंड सुटतं, दोन घोडेस्वार दोन बाजूनं सुटत्यात. पयला शिंगात फास टाकतोय, दोर खोगिराच्या मुठीला गुंडाळून खोंडाला वळवतोय, दुसऱ्यानं तेवढ्यात मागच्या दोन्ही पायांत फास टाकायचा. दोन्ही बाजूनं दोर ताणला की घड्याळ थांबतं. सगळं सेकंदांचं काम. एका हातात लगाम, दोर दुसऱ्या हातात, घोडा पळतोय फुल आणि बोट दोर आणि मुठीच्या मधी सापडलं तर तुटून जातंय. ह्यात जगात पयला आलेला माणूस नंतर ऑस्कर घेतो, असा दुसरा कुणी झालेला नाही म्हणे. मला ऑस्करपेक्षा हे मोठं वाटतंय.

निपाणी_नाका

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आपण सगळे 'हिरो का झाला नाही' ह्याच्यामागं लागलोय, म्हणजे हिरो न होणं हे काहीतरी कमी पडल्यासारखं. पण ते वेस्टर्न आज बघायला बसलं तर जीव कुणात आहे? हिरो सगळे सारखेच, सरळ, स्वच्छ, गोळी नेमकी मारणारे. पिक्चर उभा राहतो तो बाजूच्यांवर. वॉल्टर ब्रेनन घ्या, १९३६, १९३८ आणि १९४० साली सहाय्यक नटाची तीन ऑस्कर, आणि 'रिओ ब्राव्हो'मध्ये लंगडा स्टंपी होऊन दाराआड बंदूक घेऊन बसतो तर जॉन वेनवर भारी पडतो. जॅक इलम घ्या, लहानपणी डोळ्याला इजा झालेली, त्या एका तिरक्या डोळ्यावर कितीतरी पिक्चरात भीती घातली, आधी हिशेबनीस होता तो. हँक वर्डन घ्या, 'द सर्चर्स'मधला, त्याला फक्त एक झुलती खुर्ची पाहिजे असते. ही माणसं काढा, मग उरलं काय, डोंगर आणि टोप्या.

आपल्याकडं पण कोल्हापूरच्या पिक्चरांत असंच होतं की. निळूभाऊ बाजूला उभे राहून हळू आवाजात एक वाक्य बोलले की बाकीचे पुसले जायचे. त्यांना कुणी विचारत नाही हिरो का झाला नाही म्हणून.

बेन जॉन्सनचं मोठेपण मला 'द वाइल्ड बंच'मध्ये दिसतं, १९६९ चा, सॅम पेकिनपाचा. विल्यम होल्डन, अर्नेस्ट बोर्गनाइन, वॉरन ओट्स आणि हा, चौघं जण मेक्सिकन सैन्याच्या तळात एका दोस्तासाठी बंदुका घेऊन चालत जातात. चौघांना माहीत आहे परत येणार नाही. बेनला तिथं वाक्य म्हणावं असं काही नाहीच, पण त्याच्या चालीत जो निवांतपणा आहे तो शिकवून येत नाही. पेकिनपानं त्याला त्याआधी 'मेजर डंडी'त घेतलं होतं आणि नंतर 'ज्युनिअर बॉनर' आणि 'द गेटवे'त पण घेतलं. फोर्डची साथ सुटली, पण बाकीच्या दिग्दर्शकांना बेन पाहिजेच होता.

खानापूर_रोड

निपाणीकर, राग कसला, तुम्ही म्हणता ते डोक्यात बसालंय हळूहळू. पण ऑस्करचं कुणी सांगितलंच नाही. ते 'द वाइल्ड बंच'ला मिळालं काय?

टिळकवाडी_सिनेमा

नाही नाही, ऑस्कर 'द लास्ट पिक्चर शो'ला, १९७१ चा पिक्चर, आणि गंमत म्हणजे तो वेस्टर्न नव्हेच. टेक्सासमधलं एक मरायला टेकलेलं गाव, कृष्णधवल, पीटर बोग्दानोविच दिग्दर्शक. बेननं केलेला सॅम द लायन हा गावातला वडीलधारा, पूल खेळायचा अड्डा, हॉटेल आणि टॉकीज तिन्ही त्याचीच. घोड्यावर बसायचं काहीच नाही! बेननं आधी नकार दिला होता, संवाद फार आहेत आणि त्यात घाणेरडे शब्द फार आहेत, आपल्याला जमायचं नाही. मग बोग्दानोविचनं कुणाला मधी घातलं असेल? जॉन फोर्डला. ज्या म्हाताऱ्याशी भांडून हा निघून गेला होता त्यानंच फोन करून त्याला तयार केलं. बेननं शिव्या काढून टाकायला परवानगी घेतली आणि मगच काम घेतलं.

त्यात तळ्याच्या काठावर मासे धरत बसलेला असताना सॅम आपल्या तरुणपणीच्या एका बाईबद्दल बोलतो. अवघी काही मिनिटं. कॅमेरा हळूहळू जवळ जातो, तो कुठंही आवाज चढवत नाही, हातवारे नाहीत, आणि ऐकताना माझ्या घशाशी येतं प्रत्येक वेळी. आता सांगा, हे त्याला कुणी शिकवलं? मला वाटतं तीस वर्षं दुसऱ्यांच्या बाजूला गप्प उभा राहून, ऐकत राहून ते आलं. हिरोला ऐकायची वेळच येत नाही, सारखं बोलायचंच असतं. सहाय्यक नटाला ऐकायचं काम असतं आणि बेनइतकं चांगलं ऐकताना मी पडद्यावर फार थोड्यांना बघितलंय.

१९७२ च्या एप्रिलमध्ये सहाय्यक नटाचं ऑस्कर त्याला मिळालं, त्याच पिक्चरमधल्या जेफ ब्रिजेसला पण नामांकन होतं. ५३ वर्षांचा होता. आणि त्यानंतर पण हिरो वगैरे काही नाही, तो परत आपला बाजूच्या कामांत, शेवटपर्यंत. मधून मधून मुलांच्या मदतीसाठी रोडिओ भरवायचा. ८ एप्रिल १९९६ ला अॅरिझोनात मेसा इथं गेला, म्हाताऱ्या आईला भेटायला गेला होता तिथंच हृदयविकाराचा झटका आला.

कॅम्पातले_काका

छान लिहिलंस बाई. फोर्डनं फोन केला हे वाचून मला पण बरं वाटलं, माणसं शेवटी माणसं ओळखतात. तरी माझं मत आहे तिथंच आहे, 'वॅगन मास्टर'सारखे अजून चार त्याला मिळायला पाहिजे होते. तुम्ही म्हणता त्याला भूक नव्हती, असेल. आम्हाला होती, त्याला बघायची.

खानापूरकर, बाबांना पुढचा तोच दाखव. ८६ मिनिटांचा आहे, संवाद थोडे आहेत, आणि घोडे पोटभर.

खानापूर_रोड

काका, आजच लावतो. एक शेवटचं विचारतो, बाबांनीच विचारायला सांगितलंय. ह्या पिक्चरांत घोडे पळता पळता तोंडावर आपटतात, ते खरंच पडतात काय? जनावराला लागत नसेल काय? ते बघून त्यांचा जीव खालीवर होतो.

निपाणी_नाका

बाबांची शंका रास्त आहे. आधी फार वाईट पद्धत होती. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला, घोडा पूर्ण वेगात आला की तार संपायची आणि घोडा उलटा पडायचा. कितीतरी घोडे त्यात मेले, पाय मोडले म्हणून गोळ्या घातल्या. १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये घोडा उंच कड्यावरून पाण्यात टाकला, तो मेला, तेव्हा मोठा ओरडा झाला आणि १९४० पासून प्राण्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेची माणसं शूटिंगवर येऊन बसायला लागली. म्हणजे बेन जॉन्सन आला तो साधारण त्याच बदलाच्या वेळी.

चिकोडीचा_गाडीवान

बरं झालं हे सांगितलंसा. आपल्याकडच्या बैलांच्या शर्यतींवर पण त्याच्यावरनंच किती वर्षं कोर्टात चाललं होतं, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं नियम पाळून परवानगी दिली, आणि नियम पाहिजेतच, जनावराला मारून पळवणारा गडी आम्हालाच आवडत नाही.

त्या पडण्याचं मी पण बघितलंय, शिकवलेले घोडे असत्यात ते. जिथं पाडायचं तिथली जमीन खणून माती भुसभुशीत करत्यात, वर वाळू नाहीतर भुसा. स्वार पळता पळता लगाम एका बाजूला घेऊन घोड्याचं तोंड वळवतो, तोंड वळलं की घोडा त्या खांद्यावर आडवा होतो. आधी उभ्या उभ्या शिकवायचं, मग चालताना, मग दुडक्या चालीत, मग पळताना. घोड्याचा माणसावर भरवसा नसला तर तो कधीच असा आडवा होणार नाही. बाबांना सांगा, पडलेला घोडा पुढं कसा उठतोय ते बघा, शिकवलेला असेल तर घाबरून पळत नाही, उठून जाग्यावर थांबतोय.